प्रकल्प बेट : २१२ कॅसेट्स आणि माणशी आठ

५ एप्रिल, शनिवार

आजपासून वही सुरू, कारण तोंडी काही ठरवलं की आमच्या घरात दुसऱ्या दिवशी त्याचे चार वेगळे अर्थ निघतात. तर वस्तुस्थिती अशी. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, ३१ मेपर्यंत घर खाली करून द्यायचं, भाड्याने घेतलाय तो वन बीएचके आणि त्यात आम्ही पाच माणसं. हॉलमधलं भिंतीतलं कपाट अर्थात इथेच राहणार. त्या कपाटात बाबांच्या कॅसेट्स. दोनदा मोजल्या, एकदा २११ आल्या एकदा २१२, बाबा म्हणाले २१२ धर, एक आईच्या शिवणाच्या डब्यात आहे.

आईचं म्हणणं स्पष्ट आहे की नव्या घरी एक खोकं, त्याच्या वर एकही नाही. माझं म्हणणं की सगळ्या कॉम्प्युटरवर घेऊ. जागेचा प्रश्नच नाही, तासाभराची कॅसेट साधारण ६०० एमबी, म्हणजे सगळ्या मिळून एका पेनड्राइव्हात मावतील. पण मग हिशोब केला आणि गप्प बसले. कॅसेट कॉपी होत नाही, ती वाजावी लागते, एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, तिला घाई नाही. ४० सी-९० आहेत, म्हणजे दीड तासाच्या, बाकी सी-६०, तासाच्या धरल्या, एकूण २३२ तास. ऑफिस करून आठ आठवड्यांत माझ्याकडे फार तर दीडशे निघतील, ते पण कोणी पाहुणे आले नाहीत तर.

म्हणजे निवड आलीच.

रात्री दादाला टोरंटोला व्हिडिओ कॉल केला तेव्हा त्याने बेटाची आयडिया काढली. बीबीसी रेडिओवर १९४२ पासून एक कार्यक्रम चालू आहे, पाहुण्याला सांगतात की तू निर्जन बेटावर अडकलास, आठ रेकॉर्ड सोबत ने, शिवाय एक पुस्तक आणि एखादी चैनीची वस्तू. बाबांना हे फार आवडलं पण लगेच शंका, बेटावर वीज आहे का? रेल्वेच्या ट्रॅक्शन सबस्टेशनमध्ये ३४ वर्षं काढलेला माणूस, पहिला प्रश्न सप्लायचाच येणार. दादा म्हणाला आहे धरा. सिंगल फेज की थ्री फेज, हे बाबांनी मनात विचारलेलं मला ऐकू आलं.

ठरलं ते असं: प्रत्येकी आठ, गाणी नाही तर पूर्ण अल्बम, ज्याची निवड त्याच्या कॅसेट्स आधी आणि नीट घ्यायच्या, उरलेल्या वेळेत बाकीच्या. मूळ खोक्यात फक्त बेटवाल्या.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

पहिल्याच दिवशी कोर्टकचेरी. बाबांनी पहिली निवड सांगितली गीतरामायण, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ते एक कसं धरता, तो अख्खा सेट आहे. मुद्दा बरोबर होता. ५६ गाणी आहेत, सेटने आमच्या कपाटाचा अख्खा कप्पा खाल्लाय. बाबांचा युक्तिवाद असा की काम एक, कवी एक, संगीतकार एक, कथा एक, मग नग एक. गदिमा आणि बाबूजींनी ते पुणे आकाशवाणीसाठी दर आठवड्याला एक असं केलं, १ एप्रिल १९५५ ला सुरू झालं तो दिवसही रामनवमीचाच, म्हणजे आज तिथीने ७० वर्षं झाली. हे सगळं सांगून झाल्यावर बाबांनी आईकडे असं बघितलं की आता आजच्या दिवशी तू रामाला कापणार का.

आई म्हणाली, घ्या. पण खोक्यातली जागा मोजून घ्या.

(नोंद: सेट अधिकृत आहे आणि ऑनलाइन सहज मिळतो, त्यामुळे तो रेकॉर्ड करण्यात वेळ घालवायचा नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही.)

९ एप्रिल

दोन संध्याकाळी फुकट. टू-इन-वनच्या, म्हणजे आमच्या जुन्या रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या, हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकमध्ये घातली. मोनो आलं, आणि त्यात एवढी घरघर की भीमसेनजी पिठाच्या गिरणीत बसून गातायत. सात कॅसेट्स घेतल्या होत्या, सात डिलीट. माझीच चूक, आधी वाचायला हवं होतं.

१३ एप्रिल, रविवार

ऑफिसमधल्या एका मित्राने त्याच्या वडिलांचा कॅसेट डेक दिला, दीड महिन्याच्या बोलीवर. मागे लाइन आउटची लाल-पांढरी भोकं आहेत, तिथून छोट्या यूएसबी डब्यात आणि तिथून लॅपटॉपला. सॉफ्टवेअर ऑडासिटी, फुकट आहे आणि पुरतं.

आधी सफाई. हेडवर, म्हणजे टेप जिथे घासत जाते त्या भागावर, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कानाची काडी फिरवली तर तपकिरी लेप निघाला, शेंगदाण्याच्या टरफलाच्या आतल्या रंगाचा. ते टेपवरचं आयर्न ऑक्साइड. बाबा चष्मा लावून बघत होते, म्हणाले हे कोणाचं तरी गाणंच आहे, पुसतेयस.

पहिली कॅसेट मुद्दाम त्यांच्या बेटाच्या यादीतली घेतली. किशोरीताई आमोणकर, एका बाजूला राग भूप, दुसरीकडे बागेश्री. ही दुकानातली नव्हे. १९८६ च्या सुमारास शेजाऱ्यांकडची एलपी बाबांनी आपल्या टू-इन-वनवर उतरवून घेतलेली, सी-६० वर. एलपीची बाजू संपल्यावर टेप उरली ती वाया कशाला घालवायची म्हणून मागे 'कट्यार'मधलं 'घेई छंद' भरलंय, जे तिसऱ्या मिनिटाला तानेच्या मधोमध तुटतं कारण टेपच संपते. मी आयुष्यभर भूपातलं 'सहेला रे' असंच ऐकलंय, की भूप निवला, थोडी शांतता, आणि मग वसंतराव आणि खट्. मोबाइलवर भूप ऐकला आणि नंतर वसंतराव आले नाहीत तर मला पायरी चुकल्यासारखं होतं.

तर डेकवर लावली. आवाज इतका स्वच्छ आला की मी खूश. बाबा दोन मिनिटं ऐकत राहिले, मग म्हणाले, "आवाज बसलाय गं त्यांचा."

म्हटलं कोणाचा?

"ताईंचा. बरं नाहीये का त्यांना? सगळं खाली गेलंय."

मला काही कळेना, कारण मलाही तसंच वाटलं होतं आणि मी बोलले नव्हते.

१५ एप्रिल

उत्तर सापडलं. मोबाइलवरचा भूप, डेकवरचा भूप आणि आमच्या टू-इन-वनवरचा भूप, तिन्हीला स्टॉपवॉच लावून बसले. पहिले दोन जवळजवळ सारखे. आमचं मशीन मात्र वीस मिनिटांमागे ३५ सेकंद आधी संपवतं. म्हणजे तीन टक्के जोरात पळतंय. साधारण सहा टक्क्यांना एक पट्टी चढते, म्हणून तीन टक्के म्हणजे अर्धी पट्टी. लय पण तेवढीच चढी. म्हणजे ताई बरोबरच आहेत, इतकी वर्षं आम्हीच त्यांना अर्धी पट्टी वर चढवून ऐकत होतो. पेटीवर कुठेही न सापडणाऱ्या सुरात.

बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं गणित तपासलं, बरोबर आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, "पण मला ती वरची पाहिजे."

आता काय करायचं? टेपचा वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, हे जगभर ठरलेलं प्रमाण आहे, तेच बरोबर. बाई जशा गायल्या तशा जपायच्या की आपण जशा ऐकल्या तशा? मी तरी म्हटलं गाणाऱ्याचा मान आधी. मास्टर फाइल बरोबर वेगाची. यावर वाद नको.

वाद झालाच.

१९ एप्रिल, शनिवार

दादाला हे सगळं सांगितलं तर तो हसत सुटला आणि म्हणाला माझ्या आठातला पहिला अल्बम लिही, माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. म्हटलं ती कॅसेट आपल्याकडे नाही. म्हणाला असू दे, पण त्याची गोष्ट ऐक.

१९५९ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियाच्या स्टुडिओत दोन दिवसांत तो रेकॉर्ड झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल. २ मार्चला जे मुख्य टेप मशीन चालू होतं ते किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर घेतलेलं बरोबर वेगाच्या मशीनवर वाजवलं की चढं वाजतं. म्हणून एलपीची अख्खी पहिली बाजू, 'सो व्हॉट' धरून तीन तुकडे, सुरापेक्षा चढी निघाली. आणि जगाने तीस वर्षांहून जास्त काळ ती तशीच ऐकली, डोक्यावर घेतली, लोकांनी तिच्याबरोबर आपले ट्रम्पेट जुळवायचा प्रयत्न केला आणि आपलंच वाद्य बिघडलंय समजले असतील. शेवटी दुसऱ्या मशीनवर राखीव म्हणून घेतलेली सेफ्टीची टेप काढून १९९० च्या दशकात दुरुस्त आवृत्त्या आल्या.

मी विचारलं, मग तू कुठली नेणार? म्हणाला, दुरुस्त. मी तिकडे गेल्यावर सीडीवरच पहिल्यांदा ऐकला, मला जुन्याशी देणंघेणं नाही.

हे बाबांनी ऐकलं. काही बोलले नाहीत पण त्यांना आधार मिळाल्यासारखं दिसलं, का ते मला नीट कळलं नाही कारण दादाने त्यांच्या विरुद्ध मत दिलं होतं. बहुधा एवढंच की अमेरिकेत पण मोटर हळू फिरते.

२२ एप्रिल

आईची यादी आली. बाबांचे दोन आठवड्यांत तीन अल्बम ठरलेत, आईने भाजी निवडता निवडता सात सांगितले, मी पावतीच्या मागे लिहिले:

लता आणि हृदयनाथ यांचं 'चला वाही देस'. 'ज्ञानेश्वर माउली'. 'राम श्याम गुण गान', कारण लता आणि भीमसेन एकत्र म्हणजे एका जागेत दोन माणसं, आणि संगीतकार खळे वेगळेच. सुमन कल्याणपूरांची भावगीतं. 'ऋतू हिरवा'. पुलंची 'म्हैस', यावर दादाचा आक्षेप होता की हे संगीत नाही, आईने तो ऐकून घेतला नाही. आणि सातवा, 'दिल पडोसी है'.

मी बघतच राहिले. गुलजार, पंचम, आशा, १९८७, चौदा गाणी. ही माझी आणि दादाची चोरून ऐकायची कॅसेट होती असं आम्हाला वाटायचं! आई म्हणाली तुम्ही शाळेत गेलात की दुपारी मीच ऐकायचे. म्हणून तर बी साइड जास्त झिजलीये. (खरंच जास्त झिजलीये. मी टेपचा दोष समजत होते.)

आठवी? म्हणाली आठवी नको, समुद्राचा आवाज असेलच की, जरा वेळ बंद ठेवता यायला पाहिजे.

२७ एप्रिल, रविवार

कुमारजींच्या (कुमार गंधर्व) निर्गुणी भजनांची कॅसेट, जखमी. वाजवल्यावर आवाज मधेच ढगात जातो, परत येतो. उघडली. पाच बारीक स्क्रू, चष्म्याच्या दुकानात मिळतो तो स्क्रूड्रायव्हर. आत टेपच्या मागे पितळी पट्टीवर नखाएवढा नमद्याचा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. तो गळून पडला होता आणि रिळाखाली लोळत होता. मूळ गोंद वाळून पावडर झालेला.

कोणत्या तरी लग्नातल्या भाषणांची एक कॅसेट आहे जी कोणालाच ऐकायची नाही, तिची पट्टी काढून इथे बसवली. दोन्ही रिळं हातात धरून टेप पुन्हा रुळांवरून नेताना श्वास रोखला होता, पावणेचार मिलिमीटर रुंद आहे फक्त, आणि पंखा बंद करायला विसरले होते. टेपने एक गिरकी घेतली. चिरंजीव धावत जाऊन बटण बंद करून आले. मग षटकोनी पेन्सिल घालून ढिली टेप गुंडाळली, हे चिरंजीवांना पहिल्यांदा दाखवलं, त्यांना वाटलं मी जादू करतेय.

वाजली. सुरुवातीला एक गंमत ऐकू आली, गाणं सुरू व्हायच्या सेकंदभर आधी त्याच गाण्याचा पुसट आवाज, लांबून आल्यासारखा. वर्षानुवर्षं न वाजवता गुंडाळून ठेवली की एका वेटोळ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेटोळ्यावर उमटतं, त्याचा हा परिणाम. सॉफ्टवेअरने काढता येतं. मी नाही काढलं.

बाबा ऐकताना सांगत होते, टीबीनंतर एक फुफ्फुस गेल्यात जमा, देवासला जाऊन कित्येक वर्षं गाणं बंद, आणि मग असा परत आला माणूस, छोट्या छोट्या फेकीत, श्वास आहे तेवढ्यात सगळं सांगून टाकायचं. "याला बेटावर न्यायचं नाही तर कोणाला?" बाबांचा चौथा नक्की.

या कॅसेटचा वेग डेकवर ऐकून त्यांनी तक्रार केली नाही, असं मी नोंदवून ठेवते. नंतर म्हणाले, केली नाही कारण तू रडकुंडीला आली होतीस.

१ मे, गुरुवार, सुट्टी

नवं लफडं. रेडिओवरून भरलेल्या कॅसेट्स घ्यायला काढल्या. यातली एक पहाटे आकाशवाणी सुरू होताना चालू केलेली, म्हणून सुरुवातीला ती सगळ्यांना पाठ असलेली संकेतधून आहे, वॉल्टर कौफमन नावाच्या माणसाची, शिवरंजनीच्या सुरावटीची. डेकवर ती ऐकली आणि दचकले. या वेळी ती चढी नव्हती, उतरलेली होती. तीन टक्के हळू!

तासभर डोकं धरून बसले. भूप डेकवर बरोबर, आमच्या मशीनवर चढा. संकेतधून डेकवर उतरलेली, आमच्या मशीनवर बरोबर. दोन्ही आमच्याच मशीनवर भरलेल्या. मग?

आधी वाटलं मागे जी विजेची पन्नास हर्ट्झची घुमघुम ऐकू येते त्यावरून मोजू. बाबा म्हणाले, विसर, तेव्हा ग्रिडची फ्रिक्वेन्सी पन्नास आहे हे फक्त पुस्तकात असायचं.

उत्तर आईने दिलं, कपडे वाळत घालता घालता. "अगं मोटर बदलली होती ना त्याची, तू चौथीत असताना."

झालं. १९९१ च्या आधी मशीन बरोबर फिरत होतं, तेव्हा भरलेलं सगळं बरोबर भरलं गेलं आणि मोटर बदलल्यावर चढं वाजायला लागलं. १९९१ नंतर मशीन जोरात फिरताना भरलेलं त्याच मशीनवर बरोबर वाजतं, पण दुसरीकडे उतरतं. म्हणजे कपाटात दोन काळ आहेत, मोटरपूर्व आणि मोटरोत्तर. प्रत्येक कॅसेटवर बाबांच्या अक्षरात तारीख आहे, देव त्यांचं भलं करो, त्यावरून दोन ढीग केले. मोटरोत्तर ढीग संगणकात तीन टक्के वर चढवायचा.

आणि आता कळलं की दादा डेकवरचा भूप 'नॉर्मलच वाटतोय' असं का म्हणाला. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मोटर बदलली तेव्हा सतरा वर्षांचा होता, त्याच्या कानात आधीचा भूप आहे. माझ्या कानात पाचवीपासूनचा. एकाच घरात, एकाच कपाटातल्या एकाच कॅसेटचे आम्ही भाऊबहीण दोन वेगळे भूप घेऊन मोठे झालो आणि आज, ४३ व्या वर्षी, एका मोटरमुळे कळतंय.

बाबांनी मात्र दोन्ही ऐकलेत. पाच वर्षं खरा, चौतीस वर्षं चढा.

४ मे, रविवार

चिरंजीवांनी आपले आठ द्यायला नकार दिला, 'आठ अल्बम कोण ऐकतं'. पण बेटाच्या विषयावर त्यांनी माहिती काढली आणि मला लेक्चर दिलं, ते बरं होतं म्हणून लिहिते. १९७७ मध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्यावर एकेक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, पृथ्वीवरचं संगीत, २७ तुकडे, सगळे मिळून दीड तास. म्हणजे अख्ख्या जगाला एक सी-९०! त्यात आपल्या केसरबाई केरकर आहेत, गोव्यातल्या केरीच्या, भैरवीतलं 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं. मराठीतून नमस्कार पण आहे. व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

आईने विचारलं, त्यांना सांगितलं तरी होतं का कोणी? कोणाकडेच उत्तर नव्हतं.

मला आवडलं ते दुसरंच. तबकडीच्या झाकणावर ती किती वेगाने फिरवायची ते कोरून ठेवलंय, एक फेरा ३.६ सेकंदांत, आणि सेकंद परग्रहवाल्यांना माहीत नसणार म्हणून ते हायड्रोजनच्या अणूच्या हिशोबात सांगितलंय. सुई पण सोबत पाठवली आहे. बाबा खूप वेळ त्या झाकणाचं चित्र मोबाइलवर मोठं करून बघत होते. "काम करावं तर असं. आपल्या मोटरवाल्याने चिठ्ठी लिहिली असती तर?"

११ मे

फक्त आकडे. ६३ झाल्या. ९ ला बुरशी (पांढरे ठिपके, डोंबिवलीतला पावसाळा), त्या डेकमध्ये घालायच्या नाहीत, हेड खराब होईल. ४ कायमच्या गेल्या. बाबांचे सहा: गीतरामायण, किशोरीताई, भीमसेनजींची अभंगवाणी, कुमारजी, 'कट्यार', आणि शिवकुमार-हरिप्रसाद-काब्रा यांचं १९६७ चं 'कॉल ऑफ द व्हॅली'. शेवटच्यावर आईचा शेरा, ती तर डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये लागते. खरंय, पण त्यात त्यांची काय चूक. काश्मीरच्या एका धनगराचा पहाटेपासूनचा दिवस रागांच्या वेळेनुसार लावलाय, संतूर आणि गिटार असल्या तेव्हा नवख्या वाद्यांवर, ते आधी कोणी केलं होतं?

१८ मे, रविवार

माझे आठ अजून नाहीत आणि सगळे विचारायला लागलेत. लिहायला बसले की गोची होते. रहमानचा १९९७ चा 'वंदे मातरम्' लिहिला आणि खोडला, मग पुन्हा लिहिला. 'गारवा' लिहिला, लाज न बाळगता, कॉलेजात त्या कॅसेटने पावसाचा जो काही घोळ करून ठेवला तो मी नाकारू शकत नाही. मग काही भारदस्त नावं लिहिली, मल्लिकार्जुन मन्सूर वगैरे, आणि लक्षात आलं की ही नावं मी वही कोणी वाचली तर काय म्हणेल म्हणून लिहितेय. मन्सूर थोरच आहेत, पण मी त्यांची कॅसेट या दीड महिन्यात पहिल्यांदा अखेरपर्यंत ऐकली. खोडलं.

खरं तर टेस्ट सोपी आहे. या कामात प्रत्येक कॅसेटपाशी एक तास बसावं लागतं, पुढे ढकलता येत नाही, आवाजाची पातळी बघत राहावी लागते. ज्या कॅसेटला मी मधेच उठून मोबाइल बघितला ती माझ्या बेटाची नाही. त्या हिशोबाने उरल्या चार: भूप, 'दिल पडोसी है', 'गारवा', कुमारजी. ठीक आहे, चार.

संध्याकाळी टू-इन-वन बंद पडलं. बेल्ट विरघळून डांबर झालाय, बोटाला लागला तो तीन वेळा साबण लावून निघाला नाही.

२६ मे, सोमवार

मुंबईत मान्सून आला, आजच. इतक्या लवकर कधीच आला नव्हता म्हणतात. आमची अर्धी खोकी गॅलरीत होती. चादरी, पुस्तकं भिजली. कॅसेट्सचं खोकं बाबांनी पहाटेच पलंगावर नेऊन ठेवलं होतं आणि ते स्वतः खुर्चीत झोपले होते. दिवसभर लाइट जा-ये. दोन रेकॉर्डिंग्ज मधेच तुटली, परत. डेक उद्या परत करायचा आहे, पाऊस थांबला तर.

एकूण झाल्या ८१. राहिल्या १३१, त्यातल्या बऱ्याच ऑनलाइन मिळतात, त्या घेता का म्हणून दोन वाचनालयांना विचारलं, नको म्हणाले. भावाच्या मित्राच्या गाळ्यात सहा महिने ठेवू.

३० मे, शुक्रवार

टेम्पो उद्या साडेदहाला. सकाळी बाबांना घेऊन स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्या काकांकडे गेले, टू-इन-वन आणायला. ते काका बाबांच्याच वयाचे, दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहतील एवढं, चारी बाजूंनी मिक्सर आणि मधे ते.

बेल्ट नवा घातला होता. भूप लावून दाखवला. काकांनी अर्धं मिनिट ऐकून मान तिरकी केली, कोणी न सांगता, आणि म्हणाले, "साहेब, ही मोटर याची नाही. हिची पुली मोठी आहे, म्हणून जोरात पळतंय. मागून एक स्क्रू आहे, दोन मिनिटांचं काम. करून देऊ बरोबर? त्याचे वेगळे पैसे नाही घेणार."

मी बाबांकडे बघितलं नाही. मुद्दामच.

बाबांनी विचारलं, "पुली बदलायला लागेल?"

"नाही हो, स्क्रूनेच होईल."

"मग राहू द्या," बाबा म्हणाले. "बेल्टचे किती झाले?"

साडेतीनशे. रिक्षात मशीन मांडीवर घेऊन बसले, पाऊस आत येत होता म्हणून वरून माझी ओढणी टाकली. घरी आल्यावर पेनड्राइव्हात भूपची आणखी एक कॉपी केली, तीन टक्के वर, मागच्या तुटक्या 'घेई छंद'सकट. फाइलचं नाव 'भूप – मोटरोत्तर'. खोकं क्रमांक ७, वर लिहिलंय: कॅसेट, उलटं ठेवू नये. टू-इन-वन खोक्यात नाही, ते बाबांच्या हातात येणार आहे.